कादंबरीतून मंगोल इतिहास शिकवायचाय? मग बोर्तेच्या घोड्यापासून सुरुवात करा

चंगीझ खान म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. कवट्यांचे ढीग, आणि नावात खान आहे म्हणजे मुसलमान असणार. दुसरी तर सरळ चूक. खान ही तिकडच्या टोळीप्रमुखांची पदवी, आणि हा माणूस शेवटपर्यंत वरच्या निळ्या आकाशालाच देव मानत होता. उलट त्याच्याच नातवानं, हुलागूनं, १२५८ साली बगदाद लुटून अब्बासी खलिफाला ठार केलं. पहिलीबद्दल पुढे बोलूच, ती अर्धी खरी आहे.

शाळेत मंगोल भेटतात तेही दिल्लीच्या सुलतानांच्या धड्यात, दोन ओळींपुरते. आले, लुटलं, हाकलले, पोर्शन संपला. कोरियापासून हंगेरीपर्यंत घोडे दामटणारे हे लोक राहायचे कसे, खायचे काय, भांडायचे कशावरून, यातलं काही म्हणजे काही नाही. खरं तर महाराष्ट्राचाही एक धागा यात आहे. अल्लाउद्दीन खिलजीनं १२९६ मध्ये देवगिरीच्या रामदेवरायाकडून जी संपत्ती उचलली तिच्या जोरावर तो तख्तावर बसला, मग १३०३ मध्ये मंगोल थेट दिल्लीला वेढा घालून बसले, मग त्यानं प्रचंड खडी फौज ठेवली आणि ती परवडावी म्हणून बाजारातले भाव बांधून दिले, आणि एवढ्या फौजेला पैसा लागतो म्हटल्यावर देवगिरीची थकलेली खंडणी वसूल करायला मलिक काफूर आलाच. म्हणजे मंगोलांच्या धास्तीचं बिल थोडंफार आपल्यावरही फाटलं.

आता कादंबरी कशाला, हा प्रश्न. मी कॉलेजच्या मुलांना हा विषय शिकवते आणि सरळ इतिहासाचं पुस्तक हातात दिलं की पहिल्या दहा पानांतच मुलं नावांत बुडतात. केरैत, नायमान, मर्किट, तातार, तायचिउद, ओंगिरात या टोळ्या, कोण कुणाचा मेव्हणा आणि कोण कुणाचा वैरी काही कळत नाही. कादंबरीत तीच माणसं बोलतात, चिडतात, उपाशी राहतात, त्यामुळे लक्षात राहतात. आणि हे आपल्याला काही नवीन नाही, पेशवाई म्हणा, पानिपत म्हणा, आपल्यातल्या निम्म्या लोकांना येणारा इतिहास कादंबरीतूनच आलेला आहे. फक्त त्यातलं कागदपत्रात किती आणि लेखकानं मनानं घातलेलं किती, हे विचारायची सवय आपण लावून घेतली नाही. मंगोलांच्या बाबतीत ती लावता येते, कारण आपल्या भावना त्यात गुंतलेल्या नसतात. चंगीझ चुकीचा वागला असं वर्गात कुणी म्हटलं तर बाहेर मोर्चा येत नाही.

मी काय करते, तर कादंबरी कुठलीही असो, एक सीन निवडते. चंगीझच्या बायकोला, बोर्तेला, पळवून नेण्याचा. चंगीझवरच्या कादंबरीत हा सीन टाळणं जवळपास अशक्य आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. (मूळ मजकूर म्हणते तो ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हा त्यांचाच ग्रंथ, त्याबद्दल पुढे सांगते.) तेमुजिन, म्हणजे पुढचा चंगीझ, जन्मला साधारण ११६२ च्या सुमारास, ओनोन नदीकाठी. त्याची आई होएलून ही मुळात मर्किट टोळीतल्या चिलेदू नावाच्या तरुणाची नवी नवरी, तिला येसुगेईनं, म्हणजे तेमुजिनच्या बापानं, वाटेतच पळवून आणलं. तेमुजिन नऊ वर्षांचा असताना येसुगेईनं त्याचं लग्न बोर्तेशी ठरवलं आणि मुलाला सासुरवाडीला ठेवताना व्याह्याला सांगितलं की माझा पोरगा कुत्र्यांना घाबरतो, तेवढं बघा. (जग जिंकणाऱ्या माणसाबद्दल हे त्यांच्याच इतिहासात लिहिलेलं आहे, वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचे पण जागे होतात.) परतीच्या वाटेवर तातारांनी येसुगेईला विष घातलं, तो मेला, आणि भाऊबंदांनी विधवेला पोरांसकट माळावर सोडून दिलं. मग होएलूननं कंदमुळं उकरून, रानटी फळं, कांदे गोळा करून पोरं जगवली, पोरं नदीत मासे धरायची. कळपांवर जगणाऱ्या माणसांना मासे खायची वेळ आली म्हणजे सगळं संपलं असं समजा. याच काळात एका माशावरून आणि एका पक्ष्यावरून भांडण झालं आणि तेमुजिननं सावत्र भाऊ बेख्तेरला बाण मारून ठार केलं. बऱ्याच कादंबऱ्या इथे नायकाला सांभाळून घेतात, भाऊ फार दुष्ट दाखवतात. मूळ मजकुरात मात्र आई पोरांना खुनी म्हणून यथेच्छ झोडते.

पुढे बोर्तेशी लग्न झालं. आणि काही काळानं एका पहाटे म्हातारी नोकर कोआक्चिन जमिनीला कान लागलेला असताना थरथर ऐकून उठते आणि होएलूनला उठवते. त्यांना वाटलं तायचिउद आले, कारण त्यांनी तेमुजिनला आधी एकदा धरून मानेत लाकडी खोडा घातलेला होता. प्रत्यक्षात आले होते मर्किट, तीनशे जण, होएलूनला पळवल्याचा जुना हिशोब चुकता करायला.

इथे मी मुलांना घोडे मोजायला लावते. मूळ मजकुरात यादीच आहे. होएलून एका घोड्यावर, तिच्यापुढे तिची लहानगी मुलगी तेमुलून. तेमुजिन, त्याचे सख्खे भाऊ खासार, खाचिउन, तेमुगे आणि सावत्र भाऊ बेलगुतेई, प्रत्येकाला एकेक. बोओर्चू आणि जेल्मे हे दोन साथीदार, त्यांनाही एकेक. झाले आठ. नववा घोडा जादा म्हणून बरोबर ओढत नेला. आणि बोर्तेला घोडा नव्हता. मजकूर एवढंच सांगतो आणि पुढे जातो, कारण देत नाही, कुणी रडल्याचं सांगत नाही.

नववा घोडा होता ना? मग तो तिला का दिला नाही? मुलं भांडायला लागतात आणि मला तेच हवं असतं. कुणी म्हणतं भेकड होता, पळाला. कुणी म्हणतं गडबडीत राहिलं. मग मी तिथल्या जगण्याचं सांगते. जादा घोडा ही चैन नाही, कारण पाठलाग लांबला की एक घोडा दमतो आणि दुसऱ्यावर बसावं लागतं, तो नसेल तर माणूस गेलाच. शत्रू तायचिउद असते तर त्यांना हवा होता तेमुजिन, बायकोला घेऊन त्यांना काही करायचं नव्हतं. तेव्हा त्या हिशोबानं त्याला वाचवणं आणि तिला मागे ठेवणं हे थंड डोक्याचं गणित होतं. शत्रू भलताच निघाला आणि गणित चुकलं. हे माझं म्हणणं झालं, मजकुराचं नाही, आणि नेमकी हीच मोकळी जागा कादंबरीकार भरतो. एखादा तेमुजिनला हुंदके देताना दाखवेल, एखादी लेखिका निर्णय होएलूनच्या तोंडी घालेल (मला हे जास्त पटतं, कारण पळवून आणलेली बाई कशी जगते हे त्या घरात तिलाच माहीत होतं). दोन्ही चालेल. फक्त मुलाला कळलं पाहिजे की इथून पुढे लेखक बोलतोय.

पुढचा भाग तर सिनेमासारखा आहे. कोआक्चिननं बोर्तेला एका बंद काळ्या गाडीत लपवलं, बैल जुंपला आणि ओढ्याच्या कडेनं निघाली. वाटेत सैनिक भेटले. ती म्हणाली, मी तेमुजिनकडची, मोठ्या तंबूत मेंढ्यांची लोकर कातरायला आले होते, आता घरी चालले. सैनिक पुढे गेले. तिनं बैलाला हाणायला सुरुवात केली आणि गाडीचा आस मोडला. तेच सैनिक परत आले, मागे बेलगुतेईच्या आईला घोड्यावर टाकलेलं, आणि विचारलं गाडीत काय आहे. म्हातारी म्हणाली, लोकर. त्यांनी उतरून दार उघडलं.

हुशार वाचकाला इथे काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. कारण तेमुजिन स्वतः खोड्यातून पळाला तेव्हा तायचिउदांच्याच तळावरच्या सोरकान शिरा या माणसानं त्याला लोकरीच्याच गाडीत लपवलं होतं, शोधणारे लोकर उपसायला लागले तेव्हा सोरकान शिरा म्हणाला, एवढ्या उकाड्यात लोकरीत कोण जिवंत राहील, आणि ते निघून गेले. नवरा लोकरीच्या गाडीत वाचतो, बायको लोकरीचं नाव सांगून सापडते. हे खरंच असं घडलं, की सांगणाऱ्यानं जुळवून सांगितलं? म्हणजे आपण ज्याला सोर्स म्हणतो तोही कुणीतरी रचून सांगितलेला आहे, त्यात संवाद आहेत, पद्य आहे.

हा मजकूर म्हणजे ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’. मंगोलांनी स्वतः, स्वतःच्या भाषेत लिहिलेला, २८२ परिच्छेदांचा. शेवटी लिहिलंय की उंदराच्या वर्षी केरलेन नदीकाठी पूर्ण केला, पण उंदराचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं, त्यामुळे १२२८ की १२४० की १२५२ यावर अभ्यासकांची अजून जुंपलेली आहे. मूळ मंगोल लिपीतली प्रत हरवली. वाचला तो चिनी अक्षरांत उतरवलेला उच्चार, म्हणजे शब्द मंगोल आणि लिपी चिनी, मिंग राजवटीत दुभाषे तयार करायला पाठ्यपुस्तक म्हणून हे वापरत. चंगीझच्या घरातली ही भांडणं आज आपल्याला माहीत आहेत ती चिनी क्लासरूममुळे, हा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मजेशीर भाग वाटतो.

आणि दुसरा सोर्स काय म्हणतो ते बघा. रशीदुद्दीन हा इराणमधल्या इलखान म्हणवणाऱ्या मंगोल राजांचा वजीर, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं फारसीत जगाचा इतिहास लिहिला. त्याच्या इतिहासात बोर्ते आधीच गरोदर असते, मर्किट तिला सन्मानानं केरैतांचा प्रमुख तोघरूल खान याच्याकडे पाठवतात, तो तिला सुनेसारखी वागवून परत धाडतो, वाटेत जोची जन्मतो आणि बाळाला कणकेच्या मऊ गोळ्यात गुंडाळून आणतात. अगदी स्वच्छ. गुप्त इतिहासात मात्र तिला चिलेदूच्या धाकट्या भावाला देऊन टाकलेलं असतं. तेमुजिन तोघरूलची आणि आपला मानलेला भाऊ जमुखाची फौज घेऊन येतो, रात्री, पळणाऱ्या गर्दीत तिचं नाव घेत ओरडत फिरतो, आणि ती गाडीतून उडी मारून धावत येऊन चांदण्यात त्याच्या घोड्याचा लगाम धरते. बाय द वे, तोघरूलनं मदत केली कारण तेमुजिननं त्याला आधी काळ्या सेबलच्या कातड्याचा कोट भेट दिला होता, आणि तो कोट बोर्तेच्या माहेरून आलेला. म्हणजे सुटकेची किंमत तिच्याच रुखवतातून गेली होती. आणि बेलगुतेईची आई? मुलगा तिला शोधत तंबूच्या एका बाजूनं आत शिरला तेव्हा ती फाटक्या कातड्यात दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून जंगलात निघून गेली, मुलांना तोंड कसं दाखवू म्हणून. परत सापडली नाही. कादंबऱ्यांत हिला फार कुणी जागा देत नाही.

रशीदुद्दीननं असं का लिहिलं? पगार कुणाकडून येत होता बघा. मालकाच्या खानदानातल्या सुनेबद्दल तो आणखी काय लिहिणार.

आता मुलं विचारतात, एवढं एका बाईच्या पळवण्यावर का रेंगाळायचं, साम्राज्याचं कधी शिकवणार? अहो, हेच साम्राज्य आहे. सुटकेनंतर बोर्तेला जोची झाला आणि तो नक्की कुणाचा, ही कुजबुज कधीच थांबली नाही. तेमुजिननं त्याला मुलगाच मानलं. १२०६ मध्ये ओनोनकाठी मोठी सभा भरून तो चंगीझ खान झाला, फौज दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्यांत बांधली, टोळ्या मोडून माणसं त्यात मिसळून टाकली, हे सगळं टेक्स्टबुकात मिळतं म्हणून मी पळवते. पण मध्य आशियातल्या ख्वारझम राज्यावरच्या स्वारीआधी त्याची एक बायको, येसुई, सरळ विचारते की तुम्ही गेलात तर मागे कोण? चंगीझ जोचीला बोलायला सांगतो आणि धाकटा चगताई भर सभेत म्हणतो की या मर्किटाच्या औलादीच्या हाताखाली आम्ही राहायचं? दोघं एकमेकांची गचांडी धरतात, बोओर्चू आणि सेनापती मुकाली त्यांना सोडवतात. दोघांपैकी कुणीच नको म्हणून तिसरा, ओगदेई, वारस ठरतो. जोचीचं घराणं पश्चिमेला गेलं, त्याचा मुलगा बातू याने १२३७ ते १२४० मध्ये रशियातली संस्थानं पाडली, कीव्ह घेतलं आणि व्होल्गाकाठी सराईला राजधानी केली. त्या पहाटेचा घोडा एवढ्या लांब पोचतो.

संस्कृतीचा भाग शिकवायला तर कादंबरीसारखं दुसरं साधन नाही, पण लेखकानं तंबूच्या आतला अभ्यास केलेला हवा. नमद्याचा गोल तंबू, म्हणजे गेर, दार दक्षिणेला, मधे चूल, पश्चिमेची बाजू पुरुषांची, पूर्वेची बायकांची, दारासमोर उत्तरेला मानाची जागा. पात्र आत आल्यावर कुठे बसतं यावरून त्याची पत कळते, चांगला लेखक हे न सांगता दाखवतो. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. १२५४ मध्ये चंगीझचा नातू मोंगके खान याच्या भेटीला गेलेल्या विल्यम ऑफ रुब्रुक या पाद्र्याचा सोबती निघताना उंबऱ्याला अडखळला, लगेच धरला, चौकशी झाली, आणि परत खानाच्या तंबूत पाय ठेवायचा नाही असं सांगून सोडला. मेंढी मारायची तर गळा चिरायचा नाही, छातीला छोटी चीर देऊन हात घालून आतली रक्तवाहिनी दाबायची, रक्त जमिनीवर सांडू द्यायचं नाही. पुढे वैरी झालेल्या जमुखालाही शेवटी रक्त न सांडता मारलं, तो त्याचा मान होता. आणि हे लोक दिशाहीन भटकायचे असं मुलांना वाटतं, तेव्हा मी आपल्या धनगरांचं उदाहरण देते, पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाआधी घाटावर यायचं, वाटा ठरलेल्या, मुक्काम ठरलेले. गवत आणि पाणी कुठे कधी असतं याचं वेळापत्रकच असतं ते.

कादंबरी तपासायची एक सोपी युक्ती सांगते. तेमुजिनच्या तंबूत पाहुण्याला तपकिरीची कुपी पुढे करताना दाखवली असेल तर समजा लेखकानं आजच्या मंगोलियाचे फोटो बघून लिहिलंय. तिथे आज हा रिवाज आहे खरा, पण तंबाखू अमेरिकेतून आली, कोलंबस नंतर. बटाटा, मिरची यांचंही तेच.

आणि कवट्यांचं राहिलंच. संहार झाला, भयंकर झाला, त्यात वाद नाही. पण आकडे जपून घ्या. जुवैनी हा फारसी इतिहासकार मध्य आशियातल्या मर्व शहरात तेरा लाखांवर प्रेतं मोजल्याचं लिहितो, आणि आजचे अभ्यासक हा आकडा फुगवलेलाच मानतात. बुखाऱ्याच्या सीनचंही तसंच, कादंबरीकारांच्या अगदी आवडीचा. १२२० मध्ये चंगीझ शहरातल्या बड्या लोकांना गोळा करून सांगतो की मी देवानं पाठवलेली शिक्षा आहे, तुम्ही मोठी पापं केलीत म्हणून आलो. अंगावर काटा येतो. पण लिहिलं कुणी? जुवैनीनंच, जो जन्मला १२२६ मध्ये आणि पुढे मंगोलांच्या नोकरीत बगदादचा कारभार पाहत होता. पापाची शिक्षा म्हणून परचक्र येतं हा विचार आकाशपूजक खानापेक्षा एका धार्मिक मुसलमान अधिकाऱ्याला जास्त शोभतो, आणि आपण यांची चाकरी का करतो याचं उत्तरही त्याला त्यातच मिळत असणार.

हल्ली उलटी फॅशन आलीय, चंगीझ म्हणजे सर्वधर्मसमभाव, स्त्रियांना समान हक्क, वगैरे वगैरे. मला ही जास्त वैताग आणते. सगळ्या धर्मांच्या पुजाऱ्यांना करमाफी होती हे खरं, आमच्यासाठी प्रार्थना करा एवढीच अट. पण चंगीझचाच नातू कुब्लाई यानं १२८० मध्ये हलाल पद्धतीनं जनावर मारायला बंदी घातली होती. सोरघाघतानी ही चंगीझचा धाकटा मुलगा तोलुई याची विधवा ख्रिस्ती, तिनं मोंगके आणि कुब्लाई हे दोन सम्राट घडवले, ओगदेई मेल्यावर त्याची बायको तोरेगेने हिनं चार-पाच वर्षं साम्राज्य चालवलं, हेही खरं. आणि त्याच गुप्त इतिहासाच्या शेवटाला ओगदेई स्वतःचे चार गुन्हे कबूल करतो, त्यात दारू आहे आणि दुसऱ्याच्या मुलुखातल्या मुली जबरदस्तीनं आणवल्याचंही आहे. त्याच्या दारूबद्दल तर असं सांगतात की भाऊ चगताईनं दिवसाचे पेले मोजायला माणूस नेमला तेव्हा यानं पेल्याचा आकार वाढवला.

शिकवणाऱ्यांसाठी एवढंच, की कादंबरी आधी स्वतः पूर्ण वाचा, कारण या विषयावरच्या कादंबऱ्यांत बलात्कार आणि कत्तलीची वर्णनं फार असतात आणि शाळेच्या मुलांना ती पानं द्यायची गरज नाही, घोड्यांची यादी आणि लोकरीची गाडी आठवी-नववीलाही चालते. मोठ्या मुलांना मी तीन रंगांची पेनं देते, सोर्समध्ये आहे ते निळं, लेखकानं भरलंय पण शक्य आहे ते हिरवं, शक्यच नाही ते लाल. रशीदुद्दीन आणि गुप्त इतिहास जिथे भांडतात तिथे काय करायचं हे मी सांगत नाही. काही जण निम्मी ओळ निळी आणि निम्मी हिरवी करतात, परवा एकीनं अख्खं पान हिरवं करून खाली लिहिलं होतं की बोर्तेला कुणी विचारलंच नाही, मी तिला पूर्ण मार्क दिले.